सेट फोडून मिळत नाही

माउस यांनी मोडला. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात काहीही मोडलं की पहिलं बोट माझ्याकडे येतं. माझ्या नाकावर राग असतो, मान्य आहे. पण त्या वेळी माझे दोन्ही हात भांड्यांच्या साबणात होते.

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. शेजारच्या सीटवर बसून ‘क्लच, क्लच, अहो क्लच’ असं ओरडण्यात यांचं सगळं आयुष्य गेलं. मागच्या वर्षी घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. माणूस वाचला, आवाज गेला. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक मशीन दिलं. यांनी ते एकदाच लावलं, स्वतःचा तो घरघरणारा आवाज ऐकला आणि मशीन खोक्यात घालून खोकं कपाटावर टाकलं. पाटी दिली, तर तिच्यावर ‘चहा’ आणि ‘नको’ याच्या पुढे गाडी गेली नाही. मोबाईलवर यांचं एकेक बोट दोन-दोन अक्षरं दाबतं. बरेच दिवस घरात मी एकटीच बोलत होते, आणि एकटीने बोलायला मी काही खुळी नाही.

मग आमची लेक चार दिवस येऊन राहिली आणि तिने टीव्हीला बिनवायरचा कीबोर्ड-माउस जोडून दिला. माउसने बाण फिरवून लिहायचं पान उघडायचं, कीबोर्डवर टाइप करायचं, की टीव्हीवर ही मोठी अक्षरं. स्वयंपाकघरातूनसुद्धा वाचता यायची. तरुणपणी यांनी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत टायपिस्टची नोकरी केली होती. त्यामुळे मी बोलते तितक्या वेगाने हे टाइप करतात, आणि मी सावकाश बोलत नाही. घर पुन्हा घरासारखं झालं. आम्ही पुन्हा नीट भांडायला लागलो. मला त्या भांडणांची किती आठवण येत होती ते मी यांना कधी सांगितलं नाही, पण इथे सांगते, फार येत होती.

फक्त एक अडचण होती. भांडण अर्ध्यावर टाकून निघून जायची मला सवय आहे. पूर्वी यांचा आवाज मागोमाग यायचा, आता अक्षरं टीव्हीवरच राहायची. म्हणून हे टेबलावर माउस आपटायचे. ठक ठक, म्हणजे इकडे ये आणि वाच.

त्या दिवशी विषय निघाला गाडीचा. ड्रायव्हिंग स्कूल यांचं आणि यांच्या धाकट्या भावाचं, म्हणजे भाऊजींचं. कागदपत्रं, परीक्षा, लायसन्स हे भाऊजी बघतात आणि प्रत्यक्ष गाडीवर शिकवायचं काम यांचं. ऑपरेशनपासून ती गाडी आमच्या बिल्डिंगखाली धूळ खात उभी, हे अधूनमधून इंजिन तेवढं सुरू करून बघायचे. भाऊजींचा फोन आला होता की रविवारी येऊन गाडी घेऊन जातो, नवा माणूस ठेवतो, दादाने आता आराम करावा. मला ते पटलं होतं. यांनी टाइप करायला घेतलं, ‘गाडी मी’, आणि पुढे काय येणार ते मला दिसलं, म्हणून मी उठून भांड्यांकडे गेले. ठक ठक. मी वळले नाही. पुन्हा ठक ठक. तरी नाही. मग ठकच्या जागी कड असा आवाज आला.

डावं बटण लोंबत होतं. बाण टीव्हीच्या मधोमध अडकला होता आणि त्याच्या वर ‘गाडी मी’ तसंच. मी टीव्ही बंद केला. पुन्हा लावला तेव्हा लिहायचं पान गेलेलं. रिमोटने उघडायचा प्रयत्न केला, तर हवामानाच्या बातम्या लागल्या.

कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. गल्ल्यावर एक चष्मेवाला बसला होता. मॉडेलचं नाव सांगितलं आणि म्हटलं, माउस द्या.

“नुसता माउस नाही मिळणार, ताई. तो सेट आहे.”

“सेट आहे हे मलाही माहीत आहे. त्यातला माउस मोडलाय.”

“सेट फोडून मिळत नाही.”

“मी ड्रायक्लिनिंगच्या दुकानात काउंटरला असते,” मी म्हणाले. “पँट फाटली म्हणून मी कुणाला कोट जाळून ये असं सांगत नाही.”

तो हसला. तिथे चुकलं त्याचं. पुढे मी त्याला जे सुनावलं ते ऐकून मागे उभं असलेलं गिऱ्हाईक निघून गेलं. शेवटी त्याने हात जोडल्यासारखं करून मला समजावलं. टीव्हीच्या मागे नखाएवढा एक तुकडा खोचलेला असतो, तो रिसीव्हर. कीबोर्ड आणि माउस दोघांचं तोच ऐकतो. दुसरा कुठलाही माउस घेतला तर तो स्वतःचा वेगळा तुकडा घेऊन येणार.

“तुमच्या टीव्हीला मागे भोकं किती?”

“एक.”

“मग घोडं तिथेच अडलं,” तो म्हणाला. “कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून बघा. ते कधीकधी बदलून देतात.”

सर्व्हिस सेंटरमध्ये काचेमागे एक गोड आवाजाची मुलगी होती. ती म्हणाली, “जुना माउस घेऊन या काकू, तसाच नवा देऊ. तुमच्याच रिसीव्हरला जोडता येतो, खालचं बटण दाबून धरायचं फक्त.” बघा, म्हटलं, भांडल्याशिवाय काही मिळत नाही. तिच्याशी मी भांडले नव्हते, ती गोष्ट वेगळी.

आता मी काय केलं ते सांगते, आणि का केलं तेही सांगते. आमच्या दुकानात एक रीत आहे. कोटाबरोबर आलेला पट्टा, सुटं बटण, काढलेली टोपी, जे जे त्या कपड्याचं ते ते त्याच कपड्याच्या खिशात घालायचं आणि वरून टाचणी लावायची. काउंटरवरची निम्मी भांडणं हरवलेल्या पट्ट्यांवरून होतात. माझ्या काउंटरवर एकही पट्टा हरवलेला नाही. घरी येऊन माउस उलटा केला, झाकण उघडलं, तर बॅटरीच्या शेजारी एक छोटासा खण. नखाएवढा. रिकामा. हे फिरायला गेले होते. मी टीव्हीच्या मागचा तुकडा उपटला, त्या खणात बसवला, टक्क आवाज करून बसला, आणि झाकण लावलं. रिकामा खिसा दिसला की माझे हात थांबत नाहीत.

“पडला होता का?” काचेमागच्या मुलीने तो मोडका माउस बघून विचारलं.

“ठेवला. जरा जोरात.”

तिने तो लाल डब्यात टाकला आणि नवा माझ्या हातात दिला. मी ऐटीत घरी आले. बॅटरी घातली, बटण दाबून धरलं. काही नाही. दुसरी बॅटरी घातली. काही नाही. यांनी कीबोर्डवर बोटं आपटली. तोही मेलेला. मग हे उठले, टीव्हीच्या मागे हात घातला, त्या रिकाम्या भोकावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

“कंपनीच चोर आहे,” मी म्हणाले.

माझ्या कानांनाच त्या चोराच्या उलट्या बोंबा वाटल्या. पण एकदा तोंडातून गेलं की मला मागे घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी काच उघडायच्या आधी मी तिथे हजर. मुलीने ऐकून घेतलं आणि तिचा गोड आवाज जरा खाली आला.

“तो डबा रोज संध्याकाळी जातो, काकू. त्यातलं सगळं दळून टाकतात. रिसीव्हर आत का ठेवलात?”

“आत जागा कशाला ठेवलीत मग?”

“ती प्रवासासाठी असते.”

“माझाही प्रवासच होता. बस बदलून आले मी.”

मागच्या खोलीतून टाय लावलेला साहेब आला. तो म्हणाला, सुटा रिसीव्हर देण्याची सोय नाही, आता पूर्ण सेटच घ्यावा लागेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे टिचभर तुकड्यापायी एक धडधाकट कीबोर्ड आणि एक कोरा करकरीत माउस, दोन्ही उकिरड्यात. मी म्हटलं, मी इथून हलणार नाही. आणि नाही हलले. त्यांच्या निळ्या खुर्चीवर बसून राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की झाकणाच्या आत बघून घ्या, नाहीतर फसाल. साहेब दोनदा पाणी घेऊन आला. दिवे बंद व्हायला लागले तेव्हा उठले. हातात काही नाही, पण ताठ मानेने.

घरी हे वाट बघत बसले होते. यांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. मेलेल्या कीबोर्डकडे बोट दाखवलं, मग दाराकडे. म्हणजे जा आणि नवा सेट घेऊन ये, चष्मेवाल्याकडे असेल नाहीतर दुसरीकडे, कुठलाही. स्वतः गेले असते, पण काउंटरवर उभं राहून मुक्याने हातवारे करणं यांना मरणाहून नकोसं वाटतं. दुसऱ्याच दिवशी रविवार होता आणि यांना भाऊजींशी बोलायचं होतं. हे सगळं मला समजलं. समजलं नाही असं म्हणणार नाही.

पण माझं तोंड सुटलं होतं. चांगला कीबोर्ड का टाकायचा, चूक त्यांच्या खणाची, मी वरपर्यंत जाईन, त्यांना सोडणार नाही. यांनी टेबलावर हात आपटला. मी बोलतच होते. यांनी पुन्हा हात आपटला.

“तुम्ही गप्प बसा हो,” मी म्हणाले.

संसारात हे वाक्य मी हजारदा म्हटलं असेल, आणि हे एकदाही गप्प बसले नव्हते. यांचा हात टेबलावर तसाच राहिला. मग यांनी पाकीट उचलून खिशात घातलं. एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. पण लाज वाटली की मला आणखी राग येतो. तसाच तो आला, आणि मी भांडी घासायला गेले. घासायला एकही भांडं नव्हतं, घासलेलीच पुन्हा घासली.

रविवारी भाऊजी आले. माणूस वाईट नाही. दवाखान्यात यांच्या उशाशी बसला होता, पोटच्या पोरासारखं केलं सगळं. चहा झाला. हे समोरच्या खुर्चीत, मांडीवर तो मेलेला कीबोर्ड. का घेऊन बसले होते कोण जाणे, हाताला सवय.

“वहिनी,” भाऊजी मला म्हणाले, “दादाचं काय ठरलं?”

आणि मी उत्तर दिलं. “ठरलं. ते म्हणतात, घेऊन जा.”

हे यांनी कुठेही म्हटलं नव्हतं. मी खोटं बोलले, भीतीपोटी. एखादा शिकाऊ माणूस भर रस्त्यात गोंधळला आणि यांच्या तोंडातून ‘ब्रेक’ निघाला नाही तर काय, हे डोळ्यांसमोर यायचं माझ्या. आपला माणूस एकदा मरणाच्या दारातून आणलाय, पुन्हा कशाला पाठवा. भाऊजींनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि उठून दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली काढली.

तेवढ्यात खडखड सुरू झाली. हे टाइप करत होते. टीव्ही काळा, कीबोर्ड मेलेला, आणि यांची बोटं नुसती धावत होती, ओळीमागून ओळ. मधे थांबून एकदा खोडल्यासारखं केलं, पुन्हा लिहिलं. यांचा चेहरा लालबुंद झाला होता. भाऊजी किल्ली हातात धरून काळ्या टीव्हीकडे बघत राहिले. यांनी शेवटचं बटण जोरात दाबलं आणि माझ्याकडे बोट केलं. वाच.

काय वाचू? नवा सेट मी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने आणला. तेव्हा विचारलं, काय लिहिलं होतं? यांनी एवढंच टाइप केलं, ‘ते तेव्हा वाचायचं होतं.’ अजून सांगितलेलं नाही.

मग हे उठले. कीबोर्ड खुर्चीत टाकला, भाऊजींच्या हातातून किल्ली ओढून घेतली आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. “अहो, गॅसवर दूध आहे,” मी म्हणाले. यांनी मला ओढत नेऊन गॅस बंद केला आणि तसंच जिन्यावरून खाली. मागे भाऊजी, एक चप्पल पायात, एक हातात.

गाडीचं दार उघडून यांनी मला स्टिअरिंगवर बसवलं. लग्न झालं त्या वर्षी यांनी मला शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी असे काही ओरडले की मी गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली, उतरले आणि चालत घरी आले. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आता हे शेजारी बसले, त्यांच्या पायाखालचे जादा ब्रेक आणि क्लच एकदा दाबून बघितले. भाऊजी मागे बसले.

“दादा, हे काय चाललंय?”

यांनी डॅशबोर्डवर दोन बोटांनी टकटक केलं आणि माझ्या डाव्या पायाकडे बघितलं. क्लच. मी दाबला. यांनी किल्ली लावून इंजिन सुरू केलं आणि मूठ वळवून दाखवली. गिअर. मग तळहात हळूहळू वर उचलला. म्हणजे सोड, पण हळू. मी एकदम सोडला. गाडीने उचकी दिली आणि बंद पडली. हे माझ्याकडे बघायला लागले.

“म्हैस कुणाला म्हणता?” मी म्हणाले.

“वहिनी, दादा काहीच बोलला नाही.”

“तुम्हाला ऐकू नाही आलं.”

पुन्हा दोन बोटं. पुन्हा मूठ. तिसऱ्या खेपेला गाडी सरकली. आम्ही बिल्डिंगला वळसा घातला, मग बाहेरच्या रस्त्याला लागलो. मी मधे गेले की हे एका बोटाने स्टिअरिंग ढकलायचे. मी घाई केली की तळहात खाली. मी म्हणायचे, समजतं मला, सारखं सारखं सांगू नका. हे भुवया वर करायचे, म्हणजे समजतं तर कर ना. मी म्हणायचे, करतेय की. पूर्ण रस्ता आम्ही भांडत होतो.

वळणावर एक बाई अचानक रस्त्यात उतरली. मी नुसतं स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. यांच्या तोंडातून काही निघणार नव्हतं, माझ्या डोळ्यांसमोर यायचं ते हेच. पण गाडी थांबली होती. यांचा पाय केव्हाच त्यांच्या ब्रेकवर गेला होता. डॅशबोर्डवर यांचा तळहात सपाट पडला, तिथेच राहिला. मी श्वास घेतला. बाई माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली आणि पलीकडे गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की लग्नाच्या त्या वर्षी मी रस्त्याला घाबरलेच नव्हते, यांच्या ओरडण्याला घाबरले होते. आज ओरडणं नव्हतं म्हणून मला रस्ता दिसत होता.

परत आलो. मी गाडी झाडाखाली उभी केली, थोडी तिरकी. भाऊजी पुढे वाकले, आमच्या दोघांच्या मधून डोकं काढून हळूच म्हणाले, “वहिनी, मग... दादाचं काय म्हणणं आहे?”

मला त्यांचा असा राग आला म्हणता. सख्खा भाऊ हातभर अंतरावर बसलाय आणि हा माणूस मला विचारतोय. मग त्याहून मोठा राग माझा मला आला, कारण ही सवय त्यांना मीच लावली होती. कुणीही विचारावं आणि मी सांगावं. यांना चहा नको, यांना झोप आलीय, हे म्हणतात गाडी घेऊन जा.

मी इंजिन बंद केलं. सीटवर पूर्ण वळले आणि यांच्याकडे तोंड केलं.

“अहो,” मी म्हणाले, “तुमचं काय म्हणणं आहे?”

आणि थांबले. थांबणं मला जमत नाही. दोनदा वाक्य माझ्या जिभेवर आलं, दोनदा गिळलं. हे समोरच्या काचेतून बघत बसले. मग हात पुढे करून यांनी किल्ली काढली, शर्टाच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं.

मी भाऊजींकडे वळले. “ऐकलंत ना?”

“ऐकलं,” भाऊजी म्हणाले.